वाळूखालची माण

निघाले तेव्हा माण नदी कोरडी होती. चाकांची नवी बॅग पात्रातल्या वाळूत रुतली. माझ्या वडिलांनी, आबांनी, ती डोक्यावर घेतली आणि पलीकडच्या एसटी थांब्यावर नेऊन ठेवली. 'चाकं सिंगापुरात कामाला येतील,' म्हणाले. मग नदीकडं हात करून, 'ही आटत न्हाई पोरी. खाली जाती. उकरलं की लागती.'

गावाकडच्यांना सांगायला नको, पण इथल्या, सिंगापुरातल्या मंडळींसाठी सांगते. आमच्या माणदेशात नदी वाहत नाही, ती 'येते', पाहुण्यासारखी. एरवी वाळूत झिरा काढायचा. हातानं खड्डा उकरायचा, गढूळ पाणी निवळू द्यायचं, मग वाटीवाटीनं घागर भरायची. उठताना पाखरांसाठी एक खापर भरून ठेवायचं. मेंढरं घेऊन जाणारे धनगरसुद्धा ते कधी लवंडत नसत.

सिंगापुरात सेंगकांगला राहायला आले तर नदी रोजच काठोकाठ. मी खुळ्यासारखी फोनवर सांगायची, 'आबा, आज पण नदी आलीय!' 'मजा हाय तुमची,' ते म्हणायचे.

माझी लेक इरा इथलीच. तिला मराठी जेमतेम, आबांना इंग्रजी येत नाही. व्हिडिओ कॉलवर 'जेवलीस का?' 'येस, आजोबा.' संपलं. मी मधे नसले तर या दोघांत एक शब्दही उरणार नाही, या धास्तीनं मला रडू यायचं.

परवा इथल्या चांगीच्या समुद्रकिनाऱ्यावर इरा वाळू उकरत होती, फोनवर आबा होते. खड्ड्यात पाणी झिरपलं. 'आजोबा, वॉटर केम लाह!' इथल्या इंग्रजीचं हे 'लाह' तिच्या वाक्यांना शेपटासारखं चिकटलेलं असतं.

आबा सरसावून बसले. 'झिरा लागला! हात काढ, निवळू दे.'

'निवळू दे मीन्स?'

मी तोंड उघडायच्या आत आबांनी मांडीवर हात ठेवले, डोळे मिटले आणि गप्प बसून दाखवलं. इराही तशीच बसली. पाणी निवळलं, तिनं बोट बुडवून चाखलं. 'खारट!'

आबा पोट धरून हसले. मग म्हणाले, 'हितं आता झिरा कोण काढतंय? वाळूच नेली उपसून. पाखरांना ठेव हां, बाळ.'

खारट पाणी कसं द्यायचं? इरानं तिच्या बाटलीतलं पाणी कपात ओतून ठेवलं. साचलेल्या पाण्याला इथं दंड असतो, डासांपायी. मी कप उचलायला वाकले, तर तिनं माझा हात धरला. लांबवर एक साळुंकी उभी होती.

घर कुठं म्हणाल, तर माझं आता या दोघांच्या मधे आहे.

'आली का साळुंकी?' आबा घाई करत होते.

इरानं मांडीवर हात ठेवले. 'वेट लाह, आजोबा. निवळू दे.'