तीन क्रेट आणि आई

भिवंडी बायपासवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममध्ये मी नवीनच लागले होते, तेव्हा एक माणूस आईला आणि भाजीचे तीन रिकामे क्रेट घेऊन आला. गाडीला हात लावण्याआधी त्याने तो शर्टाला पुसला. मग वितीने डिकी मोजू लागला. मी चाचरत डिकी किती लिटरची आहे ते सांगितलं.

"ताई, आम्ही वांगी विकतो, दूध न्हाय," तो हसून म्हणाला.

डिकीत दोनच क्रेट बसले. आमच्या सेल्समनने मागची सीट दुमडून तिसराही बसवून दाखवला. पण आईचा एक गुडघा वाकत नव्हता. तिला मागे पाय लांब करून बसता यावं, म्हणून तर ते टेम्पोऐवजी गाडी बघायला आले होते.

म्हातारी त्या तिसऱ्या क्रेटकडे बघत राहिली. "मंग मी घरीच ऱ्हाते. तू जा बाजाराला."

त्याने क्रेट उतरवला आणि सीट पुन्हा उभी केली.

"तिसरा दुसऱ्या फेरीला नेईन. तू नसलीस तर बाया भाव पाडतात, आये."

"पाडणारच. लाजतोस किती!"

लाजणाऱ्या माणसाला शेजारी असं कुणीतरी लागतं, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

कागदपत्रं होईपर्यंत म्हातारी मागच्या सीटवर पाय पसरून बसली होती. मी दार उघडून पाणी दिलं, तर म्हणाली, "दार लाव गं पोरी, गार हवा जातेय."