डोळ्याचं दुखणं पोटात

पिंपळे सौदागरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. चाकणच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा, पण डोळा आतून सारखा सुजायचा म्हणून त्याला घरी बसवलं होतं. गप्प राहणं त्याला जमतच नव्हतं. बोलताना एक हात पोटावर, दुसऱ्याचं बोट डोळ्याकडे.

"राव, डॉक्टर बाईंनी इचारलं, पोट कसं हाय? सारखं बिघडायचं, पण मी लाजून कुणाला सांगतच न्हवतो. तपासलं तर आतड्याला सूज निघाली! पोटात जंतूंची आख्खी वस्ती असती म्हणं. तिथं बिघडलं की कधीकधी धग डोळ्यापातुर येती. अजून शोध चाललाय म्हणाल्या. पण माझं पोटाचं औषध सुरू झालं अन् डोळा निवला."

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. परतला तो जवळजवळ धावतच. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्याला मोबाइलवरचं दिसेना, म्हणून बायकोला फोन मी स्पीकरवर लावून दिला.

"अगं, सूज गेली! सोमवारपासून कामावर जातुया!"

क्षणभर पलीकडे नुसता हुंदका. मग तिनं विचारलं, "डब्याला काय देऊ?"

"पोटाला मानवंल ते दे," तो सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा ओरडला, "डोळ्याचा प्रश्न हाय!"