पाल्याखालची हळद

आमच्या कुरुंद्यात हळद शिजवायला आता भाड्याचा मोठा वाफेचा कुकर शेतात येतो. तरी आई घरापुरती हळद अंगणात कढईतच शिजवायची, वर हळदीचाच पाला आणि ओलं पोतं दाबून. काका हसायचे. "वहिनी, काम वाफेचं असतंय. पाल्यानं काय होतंय?"

"रंग चढतो," एवढंच आई म्हणायची.

मी आठवीत होते. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग हवाच होता, तर म्हटलं, काकांना गप्प करू. वहीत गृहीतक लिहिलं: पाला घातल्यास हळदीचा रंग अधिक गडद होतो. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "बदलायची एकच गोष्ट. बाकी सगळं बराबर सारखं ठेव." मग मी लिहिलं: बदलायचा पाला, बघायचा रंग. सारखं ठेवायचं ते पाणी, वजन, जाळ आणि वेळ.

अंगणात दोन चुली मांडल्या, दोन सारखी पातेली. एकावर पाला, दुसऱ्यावर नुसतं झाकण. घड्याळ आणायला घरात गेले आणि परत येते तर आईनं दोन्ही पातेल्यांवर पाला घातलेला.

"काहून घातलास?" मी रडकुंडीला आले.

"कच्ची राह्यली असती ना, लेकरा. खायची हळद हाय ती."

मी दिवसभर अबोला धरला. दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा मांडलं. या वेळी आई हात पदरात गुंडाळून लांब बसली, पण नजर त्या बिनपाल्याच्या पातेल्यावरच. मला हसू आलं. काय काय सारखं ठेवायचं त्या यादीत मी आईला धरलंच नव्हतं.

दोन्ही पातेल्यांतली हळद वेगवेगळी उन्हात वाळवली आणि पंधरा दिवसांनी दोन्हींतलं एकेक हळकुंड फोडलं. रंग सारखाच. दोन्ही तुकडे उन्हात धरले, सावलीत धरले, पांढऱ्या कागदावर ठेवले. सारखाच. मला फार वाईट वाटलं. मला आईला जिंकवायचं होतं. 'गृहीतक चुकले' असं लिहिताना मी तिच्याकडे पाठ करून बसले.

"काय लिहिलंस?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं.

ती रागावली नाही. दोन्ही तुकडे उचलून तिनं एकामागून एक हुंगले. मग पाल्याखालचा तुकडा माझ्या नाकाशी धरला.

"अन् वासाचं काय लिहिलंस?"

वासाचा रकाना मी वहीत आखलाच नव्हता.