बाराव्या रिळाचा वकील

जो मुळात जन्मालाच आला नाही अशा माणसाची बाजू आमच्या ऑपरेटर मामूंइतकी कोणी लढवली असेल असं मला वाटत नाही. कोर्टातले वकील फी घेऊन लढतात. मामू फुकट लढायचे, उभ्यानं लढायचे आणि रोज संध्याकाळी हरायचे. हे मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे माणसाबद्दल लिहायचं झालं तर सुरुवात कुठून करायची हे विचारायलाही कोणी नाही. मामूंना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "पहिल्या रिळापासून." म्हणून तिथूनच सुरू करतो.

बिलोली तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी लातूरला आलो तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं पाठ फिरवली होती. गावभर नव्या कचेऱ्यांच्या नव्या पाट्या लागत होत्या. त्या कचेऱ्यांच्या भिंतींना चुना मारायला टँकर यायचा आणि आम्ही रिकाम्या घागरी घेऊन त्याच्याकडे बघत उभे राहायचो. माझी खोली एका जुन्या टॉकीजच्या भिंतीला लागून होती. अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं की भिंतीपलीकडून हिरॉईन रडायला लागे. पहिल्या सहामाहीत मी नापास झालो, त्यात तिचाही थोडा हात आहे. त्या टॉकीजचे ऑपरेटर म्हणजे मामू. पन्नाशीचे, सडसडीत, डोक्याला रुमाल गुंडाळलेले. तिघी बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेले. सगळी गल्ली त्यांना मामूच म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो.

तीस वर्षं केबिनच्या भोकातून पडद्याकडे पाहिल्यामुळे मामूंना एक डोळा मिटल्याशिवाय काही दिसत नसे. भाजीवाल्याकडचं वांगं, माझी मार्कलिस्ट, आकाशातला ढग, सगळं ते डावा डोळा मिटून पाहायचे. एकदा एक नवीन शिक्षिका त्यांच्यावर चांगलीच भडकली होती, तेव्हा गल्लीनं मध्ये पडून खुलासा केला. त्यांच्या तोंडात कायम एक विडी असे आणि ती कधीच पेटलेली नसे. रिळांजवळ काडी ओढायची नाही, हा नियम त्यांच्या उस्तादांनी घालून दिला होता. मामूंनी तो टॉकीजपुरता न ठेवता सगळ्या पृथ्वीला लावला. एक विडी त्यांना तीन दिवस पुरायची. आणि वेळ ते रिळांत मोजायचे. एक रीळ म्हणजे दहा मिनिटं. "बसस्टँड इथून दीड रीळ हाय." "कालच्याला नीट डोळा लागला न्हाई बघ, पंधराच रिळं झोपलो." माझ्या परीक्षेचा पेपर तीन तासांचा असतो हे ऐकल्यावर त्यांनी डोळा मिटून हिशोब केला आणि म्हणाले, "अठरा रिळं. मधी गाणं तर हाय का न्हाई?"

त्या वर्षी टॉकीजला एक हिंदी सिनेमा आठ आठवडे ठाण मांडून होता. त्यात शेखर नावाचा एक तरुण असतो. तो हिरॉईनला म्हणतो, उद्या सकाळी बसच्या थांब्यावर ये, आपण निघून जाऊ. ती पेटी घेऊन येते. बस येते, बस जाते. शेखर येत नाही. पुढच्याच दृश्यात तो डोक्याला सेहरा बांधून एका शेठच्या मुलीशेजारी बसलेला दिसतो. शेवटी हिरॉईन भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारते आणि तो खाली मान घालून निघून जातो. या थोबाडीला आमच्या टॉकीजमध्ये रोज शिट्ट्या पडायच्या. काही लोक तर तेवढ्यासाठी पुन्हा यायचे.

गोम अशी होती, की लोक पाहत होते तो सिनेमा पुरा नव्हताच. दुष्काळामुळे वीज कमी होती आणि संध्याकाळच्या खेळाला साडेआठला जायचीच. टॉकीजला एक जुनं डिझेलचं जनरेटर होतं, पण ते थंड ठेवायला दोन पिंपं पाणी लागे आणि पाणी तर माणसांनाही नव्हतं. मालक म्हणाले, "मामू, एक रीळ उडवा. वीज जायच्या आत शेवट झाला पाहिजे." कोणतं उडवायचं ते त्यांनी मामूंवर सोडलं. मामूंनी सगळी रिळं आठवून पाहिली आणि बारावं काढून डब्यात ठेवलं. त्यात ना गाणं होतं, ना मारामारी. होतं ते एवढंच, की आदल्या संध्याकाळी हिरॉईनचा बाप शेखरकडे येतो. त्या बापाचा मुलगा, म्हणजे हिरॉईनचा भाऊ, शेठच्या खोट्या केसमध्ये अडकलेला असतो. शेखरनं शेठच्या मुलीशी लग्न केलं तरच तो सुटणार असतो. बाप पगडी काढून शेखरच्या पायांवर ठेवतो आणि म्हणतो, माझ्या मुलीला यातलं कधी सांगू नकोस. एवढंच रीळ. ते काढल्यावर शेखर हरामखोर उरला.

पहिल्या दिवशी शिट्ट्या ऐकून मामू केबिनमध्ये खाली बसले. दुसऱ्या दिवसापासून खेळ सुटला की ते धावत खाली येऊन दारात उभे राहू लागले. "थांबा जरा. त्ये पोरगं तसं न्हाई. बारावं रीळ ऱ्हायलंय." आणि मग डोक्याचा रुमाल काढून, वाकून, बापाचं आणि शेखरचं काम ते स्वतःच करून दाखवायचे. लोकांना घरी जाऊन टँकरचा नंबर धरायचा असे. एक रिक्षावाला म्हणाला, "मामू, तुमचा जावई हाय का तो?" दुसरा म्हणाला, "रीळ तुम्ही कापलं आन् दोष आमच्या डोक्याला का लावून राहिले?" यावर मामू अगदी शांतपणे म्हणायचे, "त्येच सांगून राहिलो ना. चूक माझी हाय, त्याची न्हाई." न्हाव्याच्या दुकानात, चहाच्या हॉटेलात, टँकरच्या रांगेत, जिथं दोन माणसं भेटतील तिथं मामूंनी शेखरची केस चालवली. मी त्यांना एकदा म्हणालो, "मामू, गोष्टच आहे ती. एवढं का मनाला लावून घेता?" ते माझ्याकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहत राहिले. तसं त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

कारण मला नंतर कळलं. टँकरच्या रांगेत मामूंच्या घागरीपुढे कायम एका बाईंची घागर असे. या बाई नव्या कचेरीत टायपिस्ट होत्या. नवरा वारलेला, मुलगा कमावता, मुलगी लग्नाची. मामू त्यांची भरलेली घागर कोपऱ्यापर्यंत उचलून द्यायचे आणि त्या मामूंना म्हणायच्या, "डोळा कशाला मिटता, मी काय सिनेमा आहे का?" संपूर्ण गल्लीत मामूंना असं बोलायची हिंमत फक्त त्यांच्यात होती. त्या बोलल्या की मामू दिवसभर बरे असायचे. सिनेमा लागायच्या थोडं आधी नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्यांतल्या लोकांना लिहून द्यायला सांगितलं, की इथं कायम राहता की दुसरीकडे जाता. अर्ज द्यायच्या शेवटच्या दिवशी बाईंनी मामूंना कचेरीत बोलावलं होतं. मामूंनी येऊन होय म्हटलं, तर त्या लातूर लिहिणार होत्या आणि दोघं निकाह करणार होते. मामू गेले नाहीत. बाईंनी बदली मागितली.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात त्या भावजयीला घेऊन हा सिनेमा पाहायला आल्या. बाहेर पडताना मामू दारात होतेच. बाई त्यांना म्हणाल्या, "सिनेमातले काय आन् बाहेरचे काय, एकाच मापाचे." मामूंच्या तोंडून बाराव्या रिळातलं अक्षर निघालं नाही.

हे सगळं त्यांनी मला एका दुपारी केबिनमध्ये रीळ गुंडाळता गुंडाळता सांगितलं. ते त्या दिवशी कचेरीपर्यंत गेले होते. धुतलेला सदरा घालून, वेळेआधी दोन रिळं हाताशी ठेवून. फाटकाशी लिंबाच्या झाडाखाली बाईंचा मुलगा उभा होता. तो म्हणाला, "मामू, बहिणीचं जमलंय. अम्मीनं या वयात टॉकीजवाल्याशी निकाह लावला तर ते लोक मोडतील. पाया पडतो. मी आलतो हे अम्मीला सांगू नका, कसम हाय तुम्हाला." मामू तिथूनच परतले. "आता बोल," ते मला म्हणाले, "म्या काय कराया पायजे होतं?" अर्थशास्त्रात याचं उत्तर नव्हतं. त्यांनी माझ्याकडूनही वचन घेतलं. "माझं सांगू नको. शेखरचं तेवढं तिला कळू दे. जायच्या आधी एकदा पुरा सिनेमा तिनं बघावा, बस."

बाईंना जायला चार दिवस उरले होते. पुरा सिनेमा म्हणजे जनरेटर, आणि जनरेटर म्हणजे दोन पिंपं पाणी. आमच्या गल्लीत खोली घेऊन राहणारे आम्ही आठ विद्यार्थी होतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला एक बादली येत होती. मी त्यांना कारण सांगू शकत नव्हतो. नुसतं म्हणालो, "मामूंना शेखरचं बारावं रीळ लावायचंय." त्यांना वाटलं मामूंचं डोकं पार गेलं, आणि बहुधा त्याच दयेपोटी आम्ही आठही जण तीन दिवस अंघोळ न करता बादल्या पिंपात ओतत राहिलो. वर्गात आमच्या आसपासचे बाक रिकामे पडू लागले. बाईंना बोलवायला कचेरीत मी गेलो. टाइपरायटरमागून त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मामूंनी पाठवलं का?" लिंबाच्या झाडाखालचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "नाही बाई. सिनेमा पुरा दाखवणार आहेत, म्हणून." त्यांनी टाइपरायटरमधला कागद सरळ केला. मग म्हणाल्या, "येईन."

त्या आल्या. बारावं रीळ लागलं. आम्हाला वाटलं होतं, टॉकीज रडेल. लोक ओरडू लागले. "मामू, रीळ चुकलं." "म्हातारं कोन घुसलंय हे? शेखरचं लग्न लाव." आठ आठवडे लोकांनी दुसराच सिनेमा पाहिला होता, त्यांना हा खोटा वाटत होता. साडेआठला वीज गेली, जनरेटर खोकत सुरू झालं, आणि शेवटी थोबाडीत बसली तेव्हा शिट्ट्या नेहमीसारख्याच पडल्या. जनरेटरचं पाणी उकळून वाहून गेलं.

खेळ सुटला. मामू सवयीनं दारात येऊन उभे राहिले. आज सांगायला काही उरलं नव्हतं. बाई शेवटी बाहेर आल्या आणि त्यांच्यासमोर थांबल्या. म्हणाल्या, "शेखर माणूस चांगला आहे, मामू. मी मानते. पण ती काय पाळण्यातली पोर होती का? तिला विचारायचं होतं. बाप, भाऊ, शेठ, सगळ्यांचं ऐकलं त्यानं. तिला तेवढं विचारलं नाही." बाईंना सगळं कळलं होतं, की त्या फक्त सिनेमाबद्दल बोलत होत्या, मला अजून समजलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सिनेमा उतरला आणि त्या आठवड्यात त्या गेल्या. बदली बिलोलीला मिळाली होती, आमच्याच तालुक्याच्या गावी.

त्यानंतर मामूंनी शेखरची केस कुणापुढे चालवली नाही. कोणी मुद्दाम छेडलं तर म्हणायचे, "फैसला झाला." पाऊस पुढच्या वर्षी थोडा पडला, मीही पास झालो, आणि गेल्या उन्हाळ्यात बाईंच्या मुलीचं लग्न सुखरूप पार पडल्याचं गल्लीत कळलं. मी मामूंना म्हणालो, "आता कसम संपली. बाईंना सांगून येऊ का?" ते म्हणाले, "न्हाई बाबा. तिनं इचारलं त्याचं उत्तर कुठं हाय माझ्यापाशी?"

तरी मी दिवाळीला गावी जाताना बिलोलीला उतरलो. तिथं बस अर्धं रीळ थांबते. तहसील कचेरी जवळच आहे. मी खिडकीबाहेर जाऊन उभा राहिलो. आत टाइपरायटर चालला होता, न थांबता, एका लयीत. काय बोलायचं ते मी बसमध्ये पाठ करून आलो होतो. मागून कंडक्टरची शिट्टी ऐकू आली आणि मी परत फिरलो.

लातूरला आल्यावर हे मी मामूंना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते केबिनच्या पायरीवर बसले होते.

"मशीन चालू होती का?" त्यांनी विचारलं.

"चालू होती."

"मधी थांबली?"

"नाही मामू. मी होतो तोवर तरी नाही."

"मंग बरं हाय तिचं," ते म्हणाले. त्यांनी तोंडातली विडी काढली, जपून खिशात ठेवली आणि पुढच्या खेळाची रिळं लावायला वर गेले. एकूण चौदा होती. त्यांनी ती माझ्यासमोर दोनदा मोजली.