फ्लेक्सवर वाढवलेला तीन

बीडमध्ये शिकवणीचे क्लास आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस, दोन्ही फ्लेक्सवर चालतात. एका वर्षी दोन्ही एकाच फ्लेक्सवर आले. मी तेव्हा एका दैनिकाचा वार्ताहर होतो, त्यामुळे त्या समारंभाला जावं लागलं.

क्लासचा मालक पूर्वी रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. साहेबांच्या वाढदिवसासाठी त्याला एक मोठी मूळ संख्या हवी होती, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. खालची ओळ आधीच ठरली होती : ‘साहेबांसारखीच, कुणालाही फोडता येणार नाही!’ साहेबांनी तोवर तीन पक्ष बदलले होते.

संख्या दिली क्लासच्या गणिताच्या सरांनी. एकतीस मूळ आहे, तीनशे एकतीसही आहे. डावीकडे एकेक तीन लावत गेलं तरी बराच वेळ मूळ संख्याच मिळत राहतात. ही रांग जिथे तुटते, त्याच्या अलीकडची शेवटची त्यांनी लिहून दिली : ३३३३३३३१. मालकाला ती फ्लेक्सवर आखूड दिसली. त्याने छपाईवाल्याला फोन करून आणखी एक तीन टाकायला सांगितला. सरांना विचारण्याचं त्याला कारण दिसलं नाही.

सर आष्टीकडचे. विनाअनुदानित कॉलेजात काही वर्षं बिनपगारी काढून इथे आले होते. घर या नोकरीवर चालत होतं आणि मालकाला ते ठाऊक होतं.

वाढदिवसाच्या मंडपात फ्लेक्सवरचा पडदा सरकला, फटाके वाजले. साहेबांनी संख्या ‘तेहतीस कोटी’ इथवर वाचली आणि ही तर देवांचीच संख्या म्हणून हात जोडले. टाळ्या पडल्या. मग पत्रकारांना प्रश्न विचारायला सांगण्यात आलं. वाढदिवसाला कुणी विचारत नाही. मी विचारलं, ही संख्या मूळ आहे हे तपासलं कोणी?

मालकाने पहिल्या रांगेकडे हात केला. “आमच्या सरांनी. सांगा सर, हाय का न्हाई?”

सर उठले. एक ‘हाय’ पुरला असता. फ्लेक्स ते पहिल्यांदाच पाहत होते. नजर डावीकडून उजवीकडे गेली आणि परत आली.

“न्हाई,” ते म्हणाले. “हिला सतरानं भाग जातो.”

मी मोबाईलवर करून पाहिलं. एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस, बाकी शून्य.

साहेबांच्या हातात माईक होताच. “सतरानं भागाय कोण बसलंय हितं, सर?”

मंडप हसला. मालक सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. फोटो होता, संख्या होती, साहेब होते. सतरा डेस्कवर कापला गेला होता. त्याच पानावर क्लासची जाहिरात होती. सरांना उद्यापासून येऊ नका असा निरोप गेला, तोही शिपायाकरवी.

काही दिवसांनी ते मला एसटी स्टँडवर भेटले. सामान घेऊन आष्टीच्या गाडीची वाट पाहत होते. समोर नवा फ्लेक्स लागला होता. मालकाने चूक दुरुस्त केली होती : आणखी एक तीन टाकला होता. ओळ तीच, साहेब तेच.

मी विचारलं, आता ही तरी मूळ आहे का?

सरांनी वर पाहिलं नाही. ते येणाऱ्या गाडीची पाटी वाचत होते.

“सहाशे त्र्याहत्तरानं भाग जातो,” ते म्हणाले. “तिथवर त्यांच्यातलं कोणी भागत येणार न्हाई. राहू द्या.”

पाटी आष्टीची होती. त्यांनी बॅग उचलली.