सोल्वेझीचा सर्व्हर

मुबिता लिस्वानिसो माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसतोय. त्याची बायको नामाकाऊ मोंगूला शाळेत शिकवते आणि हा इकडे राजधानीत, लुसाकात. बदलीचा अर्ज दरवर्षी जातो. आमच्या चिसांगा मॅडमचं उत्तरही ठरलेलं. "सोल्वेझीचा सर्व्हर चालतोय तोवर तुम्हाला सोडता येत नाही. तो मेला तर बाहेरच्या कंपनीचा नवा घेऊ, मग खुशाल जा."

दूर सोल्वेझी गावात ठेवलेल्या त्या सर्व्हरवर चाळीस दवाखान्यांच्या औषधसाठ्याची नोंद असते. तो उभा केला मुबितानेच. लुसाका ऑफिसखेरीज कुठूनही आत शिरता येऊ नये, हा नियमही त्याचाच. आपल्याच हाताने पायावर धोंडा.

जुलैत सर्व्हर चालवणाऱ्या जुन्या प्रणालीच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं. नवी प्रणाली मूळ कोडपासून त्याच सर्व्हरवर बांधायची, तीही सहाशे किलोमीटरवरून.

"एक ओळ चुकव," मी म्हटलं. "कुणाला कळणारे? मोंगूत बसून मासे खाशील."

"आणि दवाखाने?"

"नवा येईल की."

"तीन महिन्यांनी. तोवर लोकांनी मलेरिया थांबवून ठेवायचा का?"

मला रागच आला. असल्या माणसांमुळेच मॅडमचं फावतं.

बांधणीला दोन दिवस लागले. मग त्याने नव्या प्रणालीचा गाभा एकदाच चालवून पाहिला. दहा मिनिटांत आपण आत शिरलो नाही, तर सर्व्हरने आपोआप जुन्यावर परतावं, अशी सोय आधीच करून ठेवली होती. तिची गरजच पडली नाही.

राहिल्या सेटिंग्ज. सर्व्हर जुनी ओळ आणि नवी ओळ शेजारी दाखवून विचारतो, कुठली ठेवू? मुबिता एकेक निवडत गेला आणि आत शिरायची परवानगी असलेल्यांच्या यादीशी थांबला. जुन्या यादीत त्याचं नाव होतं, नव्या कोऱ्या यादीत कुणाचंच नव्हतं. नवी घेतली, की पुढच्या खेपेला कुणालाही आत जाता आलं नसतं. त्याचं बोट तसंच राहिलं. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत बसलो. वळलो तेव्हा त्याने जुनी ठेवली होती.

मग शेवटचं रीस्टार्ट. पडदा गप्प. दोन मिनिटं, चार मिनिटं. खोटं कशाला बोलू, मी मनात म्हणत होतो, नको उठूस मेल्या.

उठला. मुबिताने दवाखान्यांची यादी उघडून पाहिली, सगळं जागच्या जागी होतं. मॅडम दारातूनच म्हणाल्या, "वाटलंच होतं. तुम्ही आहात म्हणजे काळजी नाही."

तेवढ्यात नामाकाऊचा फोन आला. त्याच्या फोनचा कानाकडचा भाग बिघडलाय, त्यामुळे तो स्पीकरवरच बोलतो.

"उठला?"

"उठला."

पलीकडे वर्गातली मुलं पाढे म्हणत होती.

"बरं झालं लोकांचं," ती म्हणाली. "म्हणजे तू काही येत नाहीस."