टेपमध्ये आलेलं अस्वल

तुमचे सगळ्यांचे अनुभव मी नातीच्या मोबाइलवर वाचते. खरं सांगू? हसते. भुताखेतावर माझा काडीचा विश्वास नाई. जन्म जंगलात गेला, वाघ पाहिला, भूत काही दिसलं नाई. पण ही एक गोष्ट... सांगितल्याशिवाय राहवतच नाई!

गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याहून आत आमची शाळा. एक खोली, एक व्हरांडा. साल दोन हजार तीन-चार असन. मी तिथी खिचडी शिजवायची. शाळेत कधी बसली नाई, पण व्हरांड्यातून फळा पाहू पाहू वाचायले शिकली.

मेश्राम गुरुजी नवे आलेले, भंडाऱ्याकडचे. पोरं घरी गोंडी बोलणारी, पुस्तकातली मराठी त्यांना परकी. तर गुरुजींनी काय करावं? सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणला! पोरांचे आवाज भरायचे अन् त्यांनाच ऐकवायचे. आपलाच आवाज ऐकून पोरं हसून लोळायची, अन् चुकलेला शब्दही आपणच पकडायची. जनावरं बाजाराले जातात असं एक गाणं गुरुजींनीच जुळवलं होतं.

मग मोहाचा हंगाम लागला. फुलं पहाटे गळतात, अख्खं घर वेचायले जाते. शाळा रिकामी! एका सकाळी गुरुजी म्हणाले, "बाई, बदलीचा अर्ज लिहिला मी."

"काऊन जी? मोहा संपला का येतीन ना पोरं."

"तोवर सगळं विसरतीन. माझं शिकवणं त्याईले नकोच आहे."

त्या दिवशी वर्गात एकटी सुनीता. पायात काटा मोडला म्हणून गावात राहिलेली. मीच म्हटलं, "गुरुजी, हिचं तरी गाणं भरा!" नव्या कॅसेटचं प्लास्टिक मी माझ्या हातानं फाडलं. सुनीतानं गाणं म्हटलं — बारीक आवाजात, एकटीनं. गुरुजींनी कॅसेट मागं फिरवली, बटन दाबलं...

अन् टेपमधून अख्खा वर्ग गाऊन राह्यला! मागं वाळल्या पानावर टप... टप... मोहफुलं पडावी तसं. मधेच वर्गातल्या रामसूचा घोगरा आवाज — "अस्वल आलं बाजाराले!" — अन् सगळी पोरं खदखदली. गाण्यात ससा होता हो, अस्वल नव्हतंच! माझ्या हातातला झारा खाली पडला. सुनीता मात्र टाळ्या पिटत होती.

दुपारी पोरं टोपल्या घेऊन खिचडीले आली. गुरुजींनी टेपचं नावबी काढलं नाई.

"सकाळी काय केलं रे?"

"मोहा वेचून राह्यलो होतो," रामसू म्हणाला. "गाणंबी म्हटलं, सगळ्याईनं."

"बरोबर म्हटलं का?"

रामसू लाजला. मागची एक पोरगी ओरडली, "यानं सशाच्या जागी अस्वल घातलं, गुरुजी! झाडाखाली अस्वलाचे पाय उमटले होते ना!"

गुरुजी माझ्याकडे पाहतात, मी त्यांच्याकडे. ते झाड गावापासून कोसभर दूर!

नंतर कोणी म्हणालं, कॅसेटवर आधीचं काही भरलेलं असन. अहो, कॅसेट कोरी होती, अन् अस्वल त्याच सकाळचं!

गुरुजींनी अर्ज चुलीत घातला, माझ्याच चुलीत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टेपरेकॉर्डर खांद्यावर टाकून मोहाखाली हजर! मोहा संपेपर्यंत शाळा तिथीच भरली.

हे कसं झालं, मले आजही सांगता येत नाई. ती कॅसेट ऐकू ऐकू शेवटी तुटली. पण आमच्या गावात ते गाणं आता लेकरांची लेकरं म्हणतात, अन् त्यात अस्वलच येते. ससा कोणी परत आणला नाई.